अंदाजपत्रक हातात आल्यावर नगरसेवकाने नेमके काय पाहायचे असते?

दरवर्षी फेब्रुवारी-मार्चमध्ये वर्तमानपत्रांत ठरलेला मथळा येतो: महापालिकेचे इतक्या हजार कोटींचे अंदाजपत्रक सादर. २०२५-२६ साठी पुणे महापालिकेचा आकडा १२,६१८ कोटी रुपये होता, मुंबईचा ७४,४२७ कोटी. आकडा ऐकून छाती दडपते आणि बातमी तिथेच संपते. पण ही तिजोरीत असलेली रक्कम नसते. वर्षभरात एवढे पैसे येतील आणि एवढे खर्च होतील, असा तो अंदाज असतो. अंदाज कितपत खरा आहे, कोणत्या कामाला आधी पैसे मिळणार आणि मिळालेले पैसे त्याच कामावर गेले का, हे अधिकाऱ्यांना अधिकाराने विचारू शकणारी माणसे शहरात मोजकीच असतात. ती म्हणजे आपण निवडून दिलेले नगरसेवक.

हा विषय आत्ता समजून घ्यायला हवा, कारण मधली जवळपास चार वर्षे हे प्रश्न विचारणारे सभागृहच नव्हते. मार्च २०२२ मध्ये मुंबई आणि पुण्याच्या सभागृहांची मुदत संपली. इतर मागासवर्गाचे आरक्षण आणि प्रभागरचना यांचा वाद न्यायालयात अडकला आणि एकेक करून राज्यातल्या सगळ्या महापालिका प्रशासकांच्या हाती गेल्या. प्रशासक म्हणजे बहुतेक ठिकाणी आयुक्तच. प्रस्ताव मांडणारा आणि त्याला मंजुरी देणारा अधिकारी एकच. स्थायी समितीचे अधिकार त्याच्याकडे, मुख्य सभेचेही त्याच्याकडे. जानेवारी २०२६ मध्ये २९ महापालिकांच्या निवडणुका झाल्या आणि सभागृहे पुन्हा भरली. त्यांत पहिल्यांदाच निवडून आलेले अनेक जण आहेत. त्यांच्यापुढे जाडजूड अंदाजपत्रक येते तेव्हा ते कुठून वाचायला घ्यायचे, हा प्रश्न अगदी खरा आहे.

तिजोरीच्या किल्ल्या कोणाकडे

मुंबईला १८८८ चा स्वतंत्र कायदा आहे. बाकीच्या महापालिका १९४९ च्या महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमावर चालतात. दोन्हींतली विभागणी साधारण सारखीच आहे. कारभार आयुक्तांकडे, पैशाची मंजुरी स्थायी समितीकडे आणि अंतिम शब्द सर्व नगरसेवकांच्या सभेचा. या सभेला पुण्यात मुख्य सभा म्हणतात, इतरत्र महासभा किंवा सर्वसाधारण सभा.

आयुक्त वर्षाच्या सुरुवातीला जमा-खर्चाचा मसुदा स्थायी समितीपुढे ठेवतात. समिती त्यात फेरफार करते, मग समितीचा अध्यक्ष तो मुख्य सभेत मांडतो. १९४९ च्या कायद्यानुसार करांचे दर २० फेब्रुवारीपर्यंत ठरवावे लागतात आणि नवे आर्थिक वर्ष सुरू होण्याआधी अंदाजपत्रकाला मंजुरी लागते. लोकांचे लक्ष मार्चमधल्या भाषणांकडे असते, पण घरपट्टी वाढणार की नाही हे त्याआधीच ठरून गेलेले असते.

१९४९ च्या कायद्यात स्थायी समितीचे सदस्य १६. मुंबईत २७. एका ठरावीक रकमेच्या वरचे प्रत्येक कंत्राट या समितीतून जाते. समितीची बैठक आठवड्याला होते, म्हणून शहराचा खरा पैसा या छोट्या खोलीत हलतो. मुख्य सभेतली भाषणे दूरचित्रवाणीवर दिसतात, स्थायी समितीतला दहा मिनिटांचा प्रश्न दिसत नाही. परिणाम मात्र त्या प्रश्नाचा जास्त होतो.

या समितीतले निम्मे सदस्य दरवर्षी निवृत्त होतात. पहिल्या वर्षी कोण जाणार हे चिठ्ठ्या टाकून ठरते. जास्तीत जास्त नगरसेवकांना संधी मिळावी हा हेतू चांगला, पण हिशेब वाचायला शिकेपर्यंत सदस्याची मुदत संपते. मागच्या दहा वर्षांत कोणत्या रस्त्यावर किती खर्च झाला, हे ठाऊक असणारा माणूस खात्यात बसलेला असतो, समितीत नसतो. म्हणून ज्या नगरसेवकाला खरोखर काम करायचे आहे त्याने जुनी अंदाजपत्रके स्वतः जमवून ठेवावीत. त्याला दुसरा पर्याय नाही.

आकडा फुगतो कुठे

पुण्याचेच उदाहरण घेऊ. २०२०-२१ साठी आयुक्तांनी ६,२२९ कोटींचे अंदाजपत्रक दिले. स्थायी समितीने ते ७,३९० कोटींवर नेले, म्हणजे ११६१ कोटी वाढवले. पुढच्या वर्षी आयुक्तांचे ७,६५० कोटी होते, समितीचे ८,३७० कोटी झाले. ही पद्धत एका पक्षाची किंवा एका अध्यक्षाची नाही, वर्षानुवर्षे चालत आलेली आहे. समितीकडे पैसे छापायचे यंत्र नाही. मग वाढीव रक्कम येते कुठून? जमेच्या बाजूचे अंदाज वाढवून. मिळकतकराची वसुली जास्त होईल, बांधकाम परवानगीतून जास्त शुल्क मिळेल, सरकारकडून अनुदान येईल, असे गृहीत धरायचे आणि तेवढीच कामे खर्चाच्या बाजूला लिहायची. २०२०-२१ मध्ये तर कोरोना आला आणि प्रत्यक्ष जमा त्या आकड्याच्या कितीतरी खाली राहिली.

कागदावर काम मंजूर झाले की नगरसेवक प्रभागात फलक लावून मोकळा होतो. वर्ष सरत आले की कळते, पैसेच आलेले नाहीत. मग कोणती कामे होतात आणि कोणती राहतात? ज्याचे वजन त्याची होतात. मला फुगवलेल्या अंदाजपत्रकाचा सगळ्यात मोठा तोटा हाच वाटतो. प्राधान्य ठरवण्याचा अधिकार सभागृहाने स्वतःहून सोडून दिलेला असतो. सगळ्यांच्या सगळ्या मागण्या लिहून घेतल्या की निवड करावी लागत नाही. ती निवड नंतर कोणाच्या तरी केबिनमध्ये होते, आणि तिथे कार्यवृत्त, म्हणजे बैठकीची अधिकृत नोंद, लिहिले जात नाही.

फुगवटा ओळखणे अवघड नाही. अंदाजपत्रकात प्रत्येक बाबीसमोर साधारण तीन आकडे असतात: मागच्या वर्षाची प्रत्यक्ष रक्कम, चालू वर्षाचा सुधारित अंदाज आणि पुढच्या वर्षाचा अंदाज. सभागृहात चर्चा तिसऱ्या आकड्यावर होते. पाहायचा असतो पहिला. समजा, एखाद्या शुल्कापोटी मागच्या वर्षी प्रत्यक्षात १०० कोटी आले, यंदा सुधारित अंदाज ११० कोटी आहे आणि पुढच्या वर्षासाठी १८० कोटी लिहिले आहेत. विचारायचे एवढेच, की हे वरचे ७० कोटी कोणत्या नव्या वसुलीतून येणार? अधिकाऱ्याला उत्तर देता आले नाही, तर खर्चाच्या बाजूची ७० कोटींची कामे हवेत आहेत असे समजावे.

खर्चाची बाजूही अशीच उघडून पाहावी लागते. पगार, निवृत्तिवेतन, वीज, पाणीउपसा, कचरा, जुन्या प्रकल्पांची देखभाल आणि कर्जाचे हप्ते हा महसुली खर्च. तो टळत नाही. तो भागल्यावर जे उरते त्यातून नवे रस्ते, पूल, रुग्णालये यांचा भांडवली खर्च होतो. यात एक रक्कम सहज नजरेआड राहते: दायित्व. मागील वर्षांत कार्यादेश दिलेल्या, पण बिले अजून द्यायच्या राहिलेल्या कामांचे ते ओझे. नवे अंदाजपत्रक सुरू होण्याआधीच त्यातला मोठा वाटा या जुन्या बिलांनी खाल्लेला असतो. मुंबईच्या मुदतठेवींची चर्चा नेहमी होते. २०२२ च्या सुमारास त्या ९२ हजार कोटींच्या आसपास होत्या, नंतर कमी होत गेल्या. पण ठेव किती हा अर्धाच प्रश्न. ज्या कामांचे शब्द देऊन झाले आहेत त्यांची बेरीज किती, हे शेजारी मांडल्याशिवाय ठेवीच्या आकड्यावरून श्रीमंती ठरवता येत नाही.

आणि एक शब्द नव्या नगरसेवकाने पहिल्याच महिन्यात पाठ करावा: वर्गीकरण. एका कामासाठी ठेवलेला निधी दुसऱ्या कामाकडे वळवण्याचा हा प्रस्ताव. कधी तो खरोखर गरजेचा असतो. पावसात सीमाभिंत पडली, तर पैसे कुठून तरी काढावेच लागतात. पण वर्षाच्या शेवटच्या तिमाहीत वर्गीकरणांचा पाऊस पडतो तेव्हा सावध व्हायला हवे. मार्चमध्ये टाळ्या वाजवून मंजूर केलेली नाट्यगृहे, उद्याने, दवाखाने जानेवारीत गुपचूप बाक, नामफलक आणि पदपथावरच्या नव्या फरशांत बदललेली असतात. पुण्यात प्रभागातल्या अशा किरकोळ कामांची एक वेगळी यादी असते, तिला 'स' यादी म्हणतात. वर्षभरातले सगळे वर्गीकरणाचे ठराव एका कागदावर उतरवून काढले आणि कोणत्या खात्यातून किती गेले, कोणत्या खात्यात किती आले याची बेरीज केली, तर शहराचा खरा अग्रक्रम दिसतो. भाषणातला नव्हे, पैशातला.

एक प्रस्ताव हातात घेऊन पाहू

समजा स्थायी समितीच्या विषयपत्रिकेवर विषय आहे: अमुक रस्त्याचे डांबरीकरण, खर्च ८० लाख, सर्वांत कमी दराच्या निविदेला मान्यता. सोबत दोन-चार पानांचे टिपण. बैठकीत असे कितीतरी विषय असतात आणि बहुतेक 'मान्य, मान्य' म्हणत पुढे सरकतात. इथे थांबून काय विचारता येईल?

हा रस्ता याआधी कधी केला होता? रस्त्याच्या कामात दोषदायित्व कालावधी असतो. तेवढ्या मुदतीत रस्ता खराब झाला, तर ठेकेदाराने स्वखर्चाने दुरुस्त करायचा असतो. ती मुदत संपलेली नसेल, तर महापालिकेने पुन्हा पैसे देण्याचे कारणच नाही. हा एक प्रश्न विचारला तरी काही प्रस्ताव खात्याला परत घ्यावे लागतात.

पथ विभागाने पाणीपुरवठा आणि मलनिःसारण विभागांना विचारले आहे का? त्या रस्त्याखालून पुढच्या सहा महिन्यांत जलवाहिनी जाणार असेल, तर आज टाकलेले डांबर उद्या खोदले जाणार. तिन्ही विभागांची पत्रे टिपणाला जोडलेली असली पाहिजेत.

निविदा किती आल्या? पूर्वगणनपत्रकापेक्षा, म्हणजे खात्याने आधी काढलेल्या अंदाजित खर्चापेक्षा, दर वर आहे की खाली? वरचा दर संशयास्पद असतो हे सगळ्यांना कळते. पण ३०-३५ टक्के खाली आलेला दरही तितकाच विचार करायला लावणारा आहे. एक तर खात्याचे गणनपत्रक फुगवलेले होते, किंवा ठेकेदार मालात वाचवणार. दोन्ही शक्यतांचा जाब वेगवेगळ्या माणसांना विचारायचा असतो.

त्याच रस्त्याचा पुढचा तुकडा वेगळ्या विषयाखाली, वेगळ्या निविदेने आला आहे का? मंजुरीची मर्यादा चुकवण्यासाठी कामांचे तुकडे पाडणे हा जुना प्रकार आहे. विषयपत्रिका एकेक पान न वाचता सगळी एकदम समोर पसरली की तो दिसतो.

शेवटी, बिल देण्याआधी मोजमाप कोणी घेतले? मोजमाप पुस्तिकेतली लांबी-रुंदी-जाडी आणि प्रत्यक्ष रस्ता यांचा मेळ बसतो का, हे नगरसेवकाला स्वतःच्या प्रभागात टेप घेऊन तपासता येते. त्यासाठी अभियंता असण्याची गरज नाही.

समाधान झाले नाही तर विषय तहकूब करून घेता येतो, माहिती मागवता येते, उपसूचना देता येते, मत विरोधात नोंदवता येते. 'माझा विरोध कार्यवृत्तात नोंदवा' हे वाक्य एकट्या विरोधी सदस्याचे मोठे बळ आहे. पुढे चौकशी झाली, तर कोणी काय विचारले होते हे त्या नोंदीतूनच कळते. ऐनवेळी टेबलावर ठेवल्या जाणाऱ्या विषयांच्या बाबतीत तर हे वाक्य बोललेच पाहिजे. ज्याचे कागद वाचायला वेळ दिला नाही, त्याला मान्यता मागण्याचा हक्क प्रशासनालाही नाही आणि सत्ताधाऱ्यांनाही नाही.

आजचा ठराव, पुढच्या पिढीचे बिल

काही निर्णयांचे परिणाम नगरसेवकाच्या पाच वर्षांत मावत नाहीत. पुण्याच्या मिळकतकरातली ४० टक्के सवलत हे त्याचे ठळक उदाहरण. घरमालक स्वतः राहत असेल तर करपात्र रकमेत सवलत द्यायची, असा ठराव महापालिकेने १९७० मध्ये केला. सवलत दशकानुदशके चालली. पुढे लेखापरीक्षणात आक्षेप आला आणि राज्य सरकारने तो ठराव विखंडित केला. महापालिकेचा ठराव असा रद्द करण्याचा अधिकार कायद्याच्या कलम ४५१ ने सरकारला आहे. २०१९ नंतर नव्या घरांना सवलत मिळेनाशी झाली, अनेकांना फरकाची रक्कम भरण्याच्या नोटिसा आल्या. एप्रिल २०२३ मध्ये मंत्रिमंडळाने सवलत कायम ठेवली आणि पुणेकर घरात स्वतःच राहत असल्याचा पीटी-३ अर्ज भरायला रांगेत उभे राहिले.

सवलत बरोबर की चूक यावर दोन मते असू शकतात. पण लेखापरीक्षकाचा आक्षेप आल्यावर त्यावर सभागृहात सविस्तर चर्चा होऊन ठरावाला भक्कम कायदेशीर आधार दिला गेला असता, तर सामान्य करदात्याची ही फरफट टळली असती. लेखापरीक्षणाचा अहवाल दप्तरी दाखल करून टाकायचा, ही सवय शेवटी लोकांच्या खिशातून वसूल होते.

कर्जाचेही तसेच. जून २०१७ मध्ये पुणे महापालिकेने समान पाणीपुरवठा योजनेसाठी २०० कोटींचे कर्जरोखे मुंबई शेअर बाजारात आणले. व्याज ७.५९ टक्के, मुदत दहा वर्षे. देशभर कौतुक झाले आणि पैसे उभे करण्याची ती रीत चांगलीच होती. पण हिशेब मांडा: वर्षाचे व्याज १५ कोटी १८ लाख, म्हणजे दिवसाला सुमारे ४ लाख १६ हजार रुपये. त्याच वर्षी जलवाहिन्यांच्या पहिल्या निविदा चढ्या दरांवरच्या आक्षेपांमुळे रद्द कराव्या लागल्या. जलवाहिन्या लांबल्या, व्याज मात्र ठरल्या दिवसापासून लागू. कर्जाचा प्रस्ताव येईल तेव्हा विचारायचे ते हेच: कामाची निविदा तयार आहे का, जागा ताब्यात आहेत का, पैसा आल्यापासून किती दिवसांत कामाला लागेल? त्या रोख्यांची मुदत २०२७ मध्ये पुरी होते, म्हणजे मुद्दल फेडण्याची तरतूद आत्ताच्या सभागृहाने पाहायची आहे.

पाहणाराही पाहिला गेला पाहिजे

सभागृह आले म्हणजे सगळे आलबेल, असे मानू नये. भारताच्या नियंत्रक व महालेखापरीक्षकांनी मुंबई महापालिकेच्या नोव्हेंबर २०१९ ते ऑक्टोबर २०२२ या काळातल्या सुमारे १२ हजार कोटींच्या कामांचे विशेष लेखापरीक्षण केले. २१४ कोटींची २० कामे निविदेशिवाय दिल्याचे आणि ४,७५५ कोटींच्या ६४ कामांत ठेकेदाराशी करारनामाच झाला नसल्याचे त्यात नोंदवले गेले. या काळातला मोठा भाग असा होता, की नगरसेवक आणि स्थायी समिती दोन्ही जागेवर होते. कोरोनाचे दिवस होते हे खरे, तरी करारनामा कुठे आहे हा प्रश्न विचारायला साथीने कोणाला रोखले नव्हते.

महापालिकेचा स्वतःचा मुख्य लेखापरीक्षकही असतो आणि त्याचा अहवाल स्थायी समितीकडे येतो. आयुक्तांच्या हाताखालच्या खात्यांवर लक्ष ठेवून नगरसेवकांना माहिती देणारा अधिकारी कायद्याने दिलेला आहे. त्याच्या आक्षेपांपैकी किती निकाली निघाले आणि वसूलपात्र रक्कम किती वसूल झाली, एवढे दर तिमाहीला विचारले तरी खाती सरळ होतात. हा विषय मतदारांना दिसत नाही, त्यात उद्घाटन नाही, फलक नाही. म्हणूनच तो मागे पडतो, आणि मला सर्वांत जास्त काळजी याचीच वाटते.

महापालिकेच्या कंत्राटात नगरसेवकाचा प्रत्यक्ष किंवा अप्रत्यक्ष हितसंबंध असेल, तर कायदा त्याला अपात्र ठरवतो. तरीही प्रभागातले कामगार पुरवणारा कोणाचा भाचा आहे, हे प्रभागाला बहुधा माहीत असते. पुण्यासारख्या शहरात एका प्रभागाला चार-चार नगरसेवक, त्यामुळे प्रश्न नेमका कोणी विचारायचा होता हेही अंधूक होते. मुंबईत एका प्रभागाला एकच नगरसेवक असल्याने निदान बोट कोणाकडे दाखवायचे ते कळते.

नागरिकाला यातले बरेचसे स्वतः पाहता येते. अंदाजपत्रके महापालिकांच्या संकेतस्थळांवर असतात. पुण्यात २००६ पासून प्रभागातली छोटी कामे नागरिकांनी सुचवण्याची सोय आहे. आपण सुचवलेले काम अंदाजपत्रकात आले का आणि आल्यावर त्याचे वर्गीकरण तर झाले नाही ना, हे पाहावे. आपल्या नगरसेवकाने वर्षभरात किती लेखी प्रश्न दिले आणि त्यांना उत्तरे काय मिळाली, हे नगरसचिव कार्यालयातल्या कार्यवृत्तात असते. शिवाय राज्य सरकारने नोव्हेंबर २०१८ मध्ये आदेश काढून स्थानिक स्वराज्य संस्थांच्या कार्यालयांत दर सोमवारी दुपारी ३ ते ५ या वेळेत नागरिकांना अभिलेख पाहू देण्यास सांगितले आहे. माहिती अधिकाराचा अर्जही त्यासाठी लागत नाही. आपल्या रस्त्याच्या कामाची फाइल आणि मोजमाप पुस्तिका त्या दोन तासांत मागून पाहता येते.